घरातसुद्धा बोलायचं नाही

४ तारीख, मंगळवार

वकीलसाहेबांनी सांगितलं म्हणून हे लिहायला घेतलं. म्हणाले, "काका, रोज काय घडलं ते लिहीत जा. कोर्टात तारीख विचारतात आणि तुम्ही दर वेळी 'थंडीच्या सुमारास' म्हणता." स्टार्चच्या कंपनीने फुकट दिलेली डायरी पडून होतीच. ही वाचेल अशी भीती नाही. हिला माझं अक्षर लागत नाही, आणि मी काय लिहिणार हे आपल्याला आधीच माहीत आहे असं हिचं मत आहे.

तर पहिल्यापासून. चौकात दगडफेक झाली त्या दिवशी आमचा मुलगा एका गिऱ्हाइकाचा फ्रिज दुरुस्त करून घरी येत होता. पिशवीत पाइप कापायचा कटर आणि गॅसचा टॉर्च. फ्रिजवाल्याच्या पिशवीत दुसरं काय असणार, कवितांची वही? पण पोलिसांच्या फोटोत त्याची हत्यारं झाली. तेव्हापासून तो आत आहे. आमच्या दोन गल्ल्यांमधली आणखी नऊ पोरंही आत आहेत. वर्ष उलटून गेलं. जामीन होत नाही आणि खटलाही सुरू होत नाही.

आज बातमी आली की पोरांचा खटला लढवणारे आमचे वकीलसाहेब निवडणुकीला उभे राहताहेत. नव्या पक्षाकडून. ते आमच्यातलेच, मागच्या गल्लीत वाढलेले. ही नुसती नाचायची बाकी होती. मी इस्त्री हातात धरून ऐकत राहिलो आणि मास्तरांच्या पँटवर चट्टा पडता पडता वाचला.

६ तारीख, गुरुवार

सकाळी जुंपली. गेली तीस वर्षं मी जुन्या पक्षाचा. माझे वडीलही त्याच पक्षाचे, आणि आमच्या गल्ल्यांतला जवळपास प्रत्येक पुरुष त्याच पक्षाचा. मतदानाच्या यंत्रावर त्यांचं बटण नेहमी वरून दुसरं असतं, त्यामुळे म्हाताऱ्यांना चिन्हसुद्धा बघावं लागत नाही.

ही म्हणाली, "तीस वर्षं दुसरं बटण दाबून काय मिळालं? नळ."

"नळ तरी मिळाला."

"पाणी सकाळी अर्धा तास."

मी हिला नीट समजावलं. सरकारवाले आणि जुना पक्ष यांच्यात या वेळी अगदी थोडाच फरक आहे. आपल्यासारख्या पाच-सहा मतदारसंघांवर राज्य कोणाचं ते ठरणार. जुना पक्ष आला तर पोरांवरचे खटले मागे घेऊ, असं त्यांनी भर सभेत कबूल केलंय. सरकारवाले परत आले तर पोरं आतच सडणार. आणि आपण निम्मे इकडे, निम्मे तिकडे झालो, तर सरकारवाल्यांना काही करायलाच नको.

"कबूल तर ते मागच्या वेळीही काय काय झाले होते," ही म्हणाली. "तारखेला कोर्टात कोण उभं राहतं? वकीलच ना? उद्या आपल्या पोराला त्याने विचारलं, तुझ्या आईने मला मत दिलं का, तर पोराने काय सांगायचं?"

मग मी चिडलो. उत्तर सुचलं नाही की मी चिडतो, हे हिला ठाऊक आहे, म्हणून ही शांतपणे नीळ कालवत बसली. मला त्याचाच जास्त राग आला.

९ तारीख, रविवार

कडकराव कपडे टाकून गेले. खरं नाव वेगळं, पण गल्लीत सगळे कडकरावच म्हणतात, कारण त्यांना सगळं इतकं कडक स्टार्च लागतं की शर्ट टेबलावर उभा राहील. सरकारवाल्यांच्या पक्षाचं इथलं सगळं काम तेच बघतात. गिऱ्हाईक म्हणून सरळ माणूस. बटण तुटलं तरी बोलत नाहीत.

आज स्वतःहून म्हणाले, "तुमचे वकील उभे राहताहेत, फार आनंद झाला. तुमच्यातला एखादा माणूस पुढे यायलाच हवा. किती दिवस दुसऱ्यांच्या मागे फिरणार?" वर असंही म्हणाले की कोपऱ्यावरची त्यांच्या गोदामाची भिंत वकीलसाहेबांना पोस्टर लावायला दिली आहे, भाडं न घेता.

मला खरंच कौतुक वाटलं. विरोधातला माणूस, पण मन मोठं. संध्याकाळी मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणजे जुन्या पक्षाचे आमच्या गल्लीतले सगळ्यात जुने कार्यकर्ते. शाळेतून निवृत्त झाले, पण अजूनही समोरच्याला बाकावर उभं केल्यासारखंच बोलतात. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कपडेच धू."

यात चिडण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

११ तारीख, मंगळवार

आज पोरांची तारीख होती. वकीलसाहेब आलेच नाहीत, प्रचाराच्या परवानग्यांत अडकले होते. त्यांच्या हाताखालची मुलगी आली, उठून उभी राहिली, पुढची तारीख घेतली आणि बसली. पुढची तारीख निवडणुकीनंतरची. दहा आया, दहा बाप, सगळे बाकांवर.

घरी आल्यावर मी म्हणालो, "बघितलंस ना तुझ्या वकिलाला?" ही म्हणाली, "एक दिवस चुकला. तुमचा आमदार चौदा महिन्यांत एकदा तरी आला का?" रात्री जेवणं झाली ती भांड्यांच्या आवाजातच. आमच्याकडे रागावल्यावर भांडी बोलतात.

१५ तारीख, शनिवार

तुरुंगात भेट. बाहेर दोन तास रांग, आत दहा मिनिटं. मध्ये दुहेरी जाळी, त्यामुळे सगळेच ओरडून बोलतात आणि कोणाचंच काही ऐकू येत नाही.

पोरगा वाळलाय. खोकतो. मी विचारलं, औषध मिळतं का, तर म्हणाला, "मिळतं." म्हणजे मिळत नाही. लहानपणापासून खोटं बोलताना तो एकच शब्द बोलतो.

मग त्याने निवडणुकीचं विचारलं. आत सगळी पोरं तेच बोलतात म्हणे. मी सांगायला लागलो, तेवढ्यात ही मध्ये बोलली, मी तिला गप्प केलं, ती माझ्यावर उखडली. जाळीपाशी उभे राहून आम्ही दोघं वकिलाचं पाचवं बटण की आमचं दुसरं, असं करत भांडत होतो, आणि शेजारची बाई स्वतःच्या नवऱ्याशी बोलायचं सोडून आमच्याकडे बघत होती.

पोरगा म्हणाला, "मला दहाच मिनिटं मिळतात. इथं तरी भांडू नका."

ही जाळीच्या आणखी जवळ सरकली.

"कोणतं का असेना, एकच करा," तो म्हणाला. "दोन्ही गल्ल्यांनी मिळून एकच. निम्मं-निम्मं झालं तर आम्ही इथंच राहू. एवढं कराल ना?"

ही म्हणाली, हो. मीही हो म्हणालो. परत येताना बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो, कारण एका बाकावर जागाच नव्हती. दोघं एकत्र बसलो असतो तरी काय बोललो असतो कोण जाणे. पोराचा आवाज दिवसभर कानात आहे.

१६ तारीख, रविवार

आज जे झालं ते लिहायलाही लाज वाटते.

जुन्या पक्षाचा उमेदवार येणार म्हणून मास्तर सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी उभे. माझ्याकडून शर्ट परत प्रेस करून नेला, हातात हार. गाडी आली. थांबली, पण इंजिन बंद झालं नाही. काच निम्मी खाली आली. उमेदवाराने आतूनच हात जोडले. मास्तर हार घेऊन पुढे झाले, तसा त्याच्या शेजारचा माणूस म्हणाला, "हार नको मास्तर, कोणीतरी फोटो काढतं. तुमच्यासोबतचा फोटो फिरला की पलीकडच्या वॉर्डांत आमची मतं जातात. तुम्ही समजून घ्या."

मास्तर म्हणाले, "साहेब, आमच्या पोरांचं..."

उमेदवार म्हणाला, "ते बघू. तुम्ही लोक कुठं जाणार आहात? आमच्याकडेच येणार ना?" आणि हसला. वाईट हसला असंही नाही. घरातल्या माणसाशी हसावं तसं हसला. काच वर गेली.

मास्तर हार हातात घेऊन कितीतरी वेळ तसेच उभे होते. मी पुढे होऊन त्यांच्या हातातला हार घेतला. काय करावं कळेना, म्हणून तो दुकानात आणून खुंटीवर अडकवला. माझं रक्त इतकं तापलं होतं की इस्त्रीची गरज नव्हती.

१७ तारीख, सोमवार

दुकान बंद करायच्या वेळी मास्तर आले आणि म्हणाले, शटर निम्मं ओढ. मागोमाग दोन्ही गल्ल्यांमधले बारा-तेरा जाणते पुरुष आले. कोणी गाठोड्यांवर बसले, कोणी टेबलाला टेकले.

मास्तरांनी पाल्हाळ लावलं नाही. म्हणाले, "मी आयुष्यभर दुसरं बटण दाबलं. या वेळी आपण सगळ्यांनी पाचवं दाबायचं. वकिलाला."

मग न्हावी म्हणाला, "पण वकील निवडून येईल का?"

"बायकांची मतं त्याला आहेतच," मास्तर म्हणाले. "त्या हटणार नाहीत, सगळ्यांनी आपापल्या घरी बघितलंय. त्या आपल्याकडे येणार नाहीत, तर आपण त्यांच्याकडे जायचं. दोन्ही गल्ल्या एक झाल्या आणि पलीकडच्या वस्तीतून थोडी मतं मिळाली, तर वकील निघतो. नाही निघाला तरी त्या माणसाला कळेल की आम्ही कुठं जातो."

मला पोराचं बोलणं आठवलं. निम्मं-निम्मं नको. मी सगळ्यात आधी हात वर केला, आणि मग सगळ्यांनी केले.

मग मास्तरांनी बजावलं. कुठंही बोलायचं नाही. आपण सगळे एकीकडे गेलो हे बाहेर कळलं, की पलीकडच्या वॉर्डांत सरकारवाले सांगत फिरणार, बघा ते एक झाले, आता तुम्ही एक व्हा. प्रत्येक निवडणुकीत हेच होतं. शिवाय आपल्या गल्लीत बोललेलं कडकरावांच्या कानावर कसं जातं कोणाला माहीत नाही, पण जातं. एवढं एक आपण चांगलं शिकलोय, तोंडाला कुलूप लावायला.

"घरातसुद्धा बोलायचं नाही," मास्तर म्हणाले. "बायकोला सांगितलं की नळावर गेलं. घरी रोजच्यासारखं भांडत राहा, म्हणजे कोणाला संशय यायचा नाही."

न्हावी म्हणाला, त्याला त्यासाठी वेगळं काही करावं लागणार नाही. सगळे हसले. फार दिवसांनी या दुकानात कोणी हसलं.

१८ तारीख, मंगळवार

भांडायचं नाटक करणं खऱ्या भांडणापेक्षा अवघड आहे. सकाळी मी उगाच म्हणालो, "काहीही होवो, मी दुसरं बटण सोडणार नाही. आमचा एकही पुरुष सोडणार नाही." हिने नुसतं "बरं" म्हटलं. मी थांबलो. मग काहीतरी आठवल्यासारखी ही म्हणाली, "आम्हीही पाचवंच दाबणार आहोत." पण त्यात जोर नव्हता. दमली असेल बिचारी. मला आतून इतकं हसू येत होतं की मी मान खाली घालून कॉलर दाबत बसलो.

दुपारी मागच्या अंगणात, दोऱ्यांवर चादरी वाळत असतात तिथं, हिच्या बायका जमल्या होत्या. आत असलेल्या पोरांच्या आया आणि दवाखान्यातली नर्सबाई, जी त्यांची पुढारी. आणि त्यांच्या मध्ये स्टुलावर चक्क वकीलसाहेब. मी चादरी काढायला गेलो तर सगळ्या गप्प झाल्या, आणि नर्सबाई एकदम साबण किती महागला ते सांगू लागली. दोघी-तिघींचे डोळे ओले होते. पोरांची आठवण, दुसरं काय.

वकीलसाहेब जाताना काळा कोट न्यायला माझ्याकडे थांबले. पंधरा दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झालाय हा मुलगा.

"काका, माझ्यावर रागावलात?"

"रागवायचं काय त्यात?"

"मागे त्या कडकरावांनी मला भिंत दिली," ते म्हणाले. "पोस्टर लावून झाल्यावर मी समोर उभा राहून बघत होतो. मग विचार केला, ह्यांनी का दिली असेल?"

मी म्हणालो, "मन मोठं आहे त्यांचं."

ते म्हणाले, "नाव मागे घ्यायची तारीख केव्हाच गेली. उशिरा शहाणपण आलं मला. पण जे हातात आहे ते करतोय. निकाल काही लागो, पोरांची एकही तारीख आता चुकवणार नाही."

निवडणुकीच्या आधी उमेदवाराला असं खचायला होतं म्हणतात. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, घाबरू नका, सगळे तुमच्या पाठीशी आहेत. गिळलं. मास्तरांना शब्द दिलाय. कोटाच्या बाहीची सुरकुती मी दोनदा काढली आणि पैसे घेतले नाहीत.

१९ तारीख, बुधवार

उद्या मतदान.

कडकराव कपडे न्यायला आले. "मग, तुमचं ठरलं का काही?" मी म्हणालो, "आमचं कसलं ठरतंय साहेब. निम्मे इकडे, निम्मे तिकडे." ते म्हणाले, "लोकशाही आहे," आणि खूश होऊन गेले. असं फसवलं त्यांना. मनातल्या मनात मीच माझी पाठ थोपटली.

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना हिने विचारलं, "अहो, ते दुसरं बटण अगदी वरच्या बटणाला चिकटून असतं का हो? चुकून वरचं दाबलं जाईल का?"

"तुला काय करायचंय दुसऱ्याशी?"

"मला कशाला काय करायचंय. तुम्हीच चुकाल म्हणून विचारलं. चष्मा नेत नाही तुम्ही."

काळजी करते हो. मी सांगितलं, लाल दिवा आणि लांब शिट्टीसारखा आवाज आला की झालं. मग तिने मास्तरांचे कपडे स्वतः प्रेस केले, एरवी ती मास्तरांच्या कपड्यांना हात लावत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "म्हातारा माणूस आहे. आयुष्यभर एका गोष्टीला धरून राहिला, त्यालाही काही वाटतच असेल." मला भरून आलं. निकालाच्या दिवशी हिला सांगेन, की बघ, आम्ही सगळे तुझ्याकडे आलो. त्या वेळचा हिचा चेहरा आत्ताच दिसतोय. लग्न झाल्यापासून मी हिला एकदाही जिंकू दिलेलं नाही.

२० तारीख, गुरुवार

मतदान झालं. शाळेत पुरुषांची रांग एकीकडे, बायकांची एकीकडे. आमच्या रांगेत सगळे कसे पडलेल्या चेहऱ्याने उभे, आणि मास्तर तर जुन्या पक्षाचा बिल्ला लावून. असं नाटक नाटकवाल्यांनाही जमणार नाही. आत गेलो, चष्मा लावला, पाचवं बटण दाबलं. वडिलांची आठवण झाली.

बाहेर ही फाटकापाशी माझी वाट बघत उभी होती. बोटावरची शाई फुंकून वाळवत होती. मी हिच्याकडे बघून हसलो, ही माझ्याकडे बघून हसली. घरी येईपर्यंत दोघांनीही बटणाचा विषय काढला नाही. वाटेत हिने माझी बाही धरली, रस्ता ओलांडताना धरतात तशी, आणि ओलांडून झाल्यावरही सोडली नाही.

२१ तारीख, शुक्रवार

गिऱ्हाईक कमी. उगाच गाणं गुणगुणत होतो. हीसुद्धा.

२३ तारीख, रविवार

सरकारवाले आमच्या जागेवर साडेसहाशे मतांनी निवडून आले. राज्यात बहुमतापेक्षा दोन जागा जास्त. त्या दोनांतली एक आमची.

न्हाव्याच्या फोनवर मतदान केंद्रांचे आकडे आले. आमच्या दोन गल्ल्यांची तीन केंद्रं. वकिलाला निम्मी, जुन्या पक्षाला निम्मी. पंधरा-वीस मतं इकडे तिकडे. कोणीतरी मध्ये सुरी धरून कापल्यासारखी.

मास्तर खाली बसले. म्हणाले, "कोणीतरी शब्द फिरवला." मग एकेकाकडे बघू लागले. माझ्याकडेही बघितलं. मी म्हणालो, "मास्तर, आई शपथ." न्हावी म्हणाला, त्यानेही नाही. प्रत्येक जण सांगू लागला. कोणाचाच कोणावर विश्वास बसेना. खुंटीवरचा तो हार सुकला होता, तो कोणीतरी काढून फेकला.

मी घरी आलो. ही अंधारात बसली होती. दिवा लावला तर म्हणाली, "राहू दे."

२५ तारीख, मंगळवार

सगळं शोधून झालं. पुरुषांनी पाचवं दाबलं असेल तर जुन्या पक्षाला इतकी मतं दिली कोणी? एक तर आमच्यातले निम्मे खोटं बोलताहेत. नाहीतर...

पुढचं मनातही आणवत नाही. एवढं वकील-वकील करून हिने आणि हिच्या बायकांनी शब्द फिरवला असेल का? कोणी घाबरवलं असेल? ही माझ्याशी धड बोलत नाही. मला विचारायची भीती वाटते, हे खरंय. विचारलं आणि तिने हो म्हटलं, तर मी काय करणार आहे? तीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपलो, त्याने आपल्या पोराला विकलं असं वाटून घ्यायचं का?

तीसुद्धा माझ्याकडे चोरून बघते. मी बघितलं की मान वळवते. काल एकदम म्हणाली, "तुमच्यातल्या कोणी मास्तरांना फसवलं का हो?" मी म्हणालो, "तुला काय माहीत?" ती म्हणाली, "काही नाही," आणि उठून आत गेली.

मास्तरांनी शर्ट नेलेला नाही. न्हाव्याच्या दुकानात हल्ली एका वेळी एकच माणूस असतो.

२७ तारीख, गुरुवार

कडकराव मोठं गाठोडं घेऊन आले. विजयाची मिरवणूक आहे, रविवारी. पंचवीस कुर्ते, सगळे पांढरे, सगळ्यांना डबल स्टार्च. शनिवारी द्यायचे.

"तुमच्या लोकांनी फार समजूतदारपणे मतदान केलं," ते म्हणाले. "मी वरपर्यंत कळवलंय."

आता कुठं मला त्या भिंतीचा अर्थ लागला. इतके दिवस मला एकट्यालाच लागला नव्हता. नाही म्हणावं असं फार वाटलं. पण बॉयलरच्या परवान्याचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे, आणि त्या कचेरीत आता कोण बसणार ते कोणी सांगायला नको. मी गाठोडं आत घेतलं. हिने ते बघितलं आणि काही न बोलता स्टार्च कालवायला घेतलं.

२९ तारीख, शनिवार

भेटीचा दिवस. रांगेत दोन तास आम्ही एकमेकांच्या मागे उभे होतो.

पोराला सगळं आधीच कळलेलं. तो रडला नाही. ते आमच्यासाठीच ठेवलं होतं बहुतेक. खोकला वाढलाय. म्हणाला, "काल वकीलसाहेब येऊन गेले. म्हणाले, लढायचंच आहे, वेळ लागेल." किती वेळ, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मग म्हणाला, "बाबा, एकच करा म्हणालो होतो ना मी. शेवटपर्यंत दुसऱ्यालाच धरून बसलात?"

माझ्याने राहवलं नाही. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं. मी ओरडून म्हणालो, "नाही रे. मी पाचवं दाबलं. आम्ही सगळ्या पुरुषांनी पाचवं दाबलं, वकीलसाहेबांना. तुझ्या आईबरोबर एक व्हावं म्हणून."

शेजारी जाळी खडखडली. मी वळून बघितलं. हिने दोन्ही हातांनी जाळी धरली होती.

"आई?" पोरगा म्हणाला. "तू?"

"दुसरं," ही म्हणाली. आवाज इतका बारीक होता की त्याला परत विचारावं लागलं. "दुसरं रे. वकिलानेच हात जोडून सांगितलं आम्हाला. म्हणाला, पुरुष हटणार नाहीत, तुम्ही तरी त्यांच्याबरोबर जा, माझ्यामुळे मतं फुटू देऊ नका. कोणाला सांगू नका म्हणाला. घरातसुद्धा नाही. आम्ही सगळ्या आयांनी तुझ्या बाबांचं बटण दाबलं."

पोरगा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. लहानपणी आम्ही भांडायचो तेव्हा दारात उभा राहून बघायचा, तसा. म्हणाला, "म्हणजे तुम्ही एकमेकांचं ऐकलंत."

वेळ शिल्लक होता, पण तो तसाच गेला. शिपाई आला तेव्हा पोराने जाळीला बोटं लावली, हिनेही लावली. दुहेरी जाळीतून बोटं पोचत नाहीत.

बसमध्ये या वेळी एका बाकावर जागा मिळाली. अर्धा रस्ता झाल्यावर मी म्हणालो, "मला विचारायचं होतंस."

"तुम्ही सांगितलं असतंत?"

मास्तरांना दिलेला शब्द, नळ, कडकरावांचे कान, सगळं डोळ्यांसमोर येऊन गेलं. खोटं बोलायची ताकद नव्हती. मी म्हणालो, "नाही."

"मीही नसतं सांगितलं," ही म्हणाली आणि रडायला लागली, बसमध्ये, सगळ्यांदेखत. मी तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

घरी पोचायला उशीर झाला. कुर्ते संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. ती प्रेस करत गेली, मी घड्या घालत गेलो. पंचवीस झाले तेव्हा कडकरावांचा माणूस दारात उभाच होता.